पानगळीतला बॅस: होपॅटकाँग तळ्यावरची मासेमारी

ऑक्टोबर म्हटलं की आपल्याकडे आधी आठवते ती ऑक्टोबर हीट. पाऊस सरलेला, थंडी अजून लांब आणि दुपारी अंगाची लाही लाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात मात्र हाच महिना वर्षातला सर्वांत देखणा. मेपलची झाडं लालभडक होतात, ओक तांबूस होतात, सकाळी तळ्यावर धुकं उतरतं आणि दुपारी कोवळं ऊन पडतं. तुमची मुलगी, भाचा किंवा नातवंडं न्यू जर्सीत असतील आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास तुमचा मुक्काम तिकडे असेल, तर मॉल, मंदिर आणि मित्रमंडळींच्या गाठीभेटी यांतून एक दिवस बाजूला काढा. तळ्यावर जा आणि गळ टाकून बसा.

इथं काहींनी नाक मुरडलं असेल. "आम्ही शाकाहारी, आम्हाला काय त्याचं?" जरा थांबा. या सहलीत मासा खाण्याची सक्ती नाही. पानगळीत बॅस नावाच्या माशाच्या मागे जाणारे बहुतेक लोक तो पकडतात, क्षणभर हातात धरतात आणि पुन्हा पाण्यात सोडून देतात. ते तसं का करतात आणि सोडून देणं नेहमीच चांगलं असतं का, हे समजून घेतलंत तर मासा लागो न लागो, दिवस फुकट जाणार नाही.

दोन तळ्यांचं एक तळं

होपॅटकाँग हे न्यू जर्सीतलं सर्वांत मोठं तळं. मॉरिस आणि ससेक्स या दोन काउंटींच्या सीमेवर, टेकड्यांच्या मधे ते पसरलेलं आहे. क्षेत्रफळ साधारण 2,500 एकर, म्हणजे सुमारे दहा चौरस किलोमीटर. इंटरस्टेट 80 हा महामार्ग जवळूनच जातो. ज्या भागात मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात, त्या पार्सिपनीहून गाडीनं साधारण अर्धा तास आणि एडिसनहून तासभर लागतो. मॅनहॅटनहून यायचं तर रहदारी पाहून तास-सव्वा तास धरा.

आज अखंड दिसणारं हे पाणी मुळात दोन वेगळी तळी होती, एक मोठं आणि एक छोटं. इथल्या मूळ रहिवाशांचं नाव लेनापे. होपॅटकाँग हा शब्द त्यांच्याच भाषेतून आला. अठराव्या शतकात लोखंडाच्या भट्टीसाठी इथं बांध घातला गेला. पुढे मॉरिस कालव्यासाठी बांध आणखी उंच केला आणि दोन्ही तळी एक झाली.

हा कालवा 1831 साली सुरू झाला. पेनसिल्वेनियातला कोळसा पश्चिमेकडच्या फिलिप्सबर्गहून पूर्वेकडच्या नेवार्कपर्यंत नेणं हे त्याचं मुख्य काम. पण वाटेत डोंगर. मग होड्या पाण्यातून काढून रुळांवरच्या गाड्यांवर चढवायच्या आणि उतारावरून दोरानं ओढून वर न्यायच्या, अशी सोय केली होती. ओढण्याची ताकद पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बाइनमधून यायची. कालव्याच्या सर्वांत उंच टप्प्याला पाणी पुरवायचं काम या तळ्याकडे होतं, कारण इथून ते दोन्ही बाजूंना सोडता यायचं. नंतर रेल्वेनं कोळसा पळवला आणि 1924 मध्ये कालवा बंद झाला.

तळ्याच्या नैर्ऋत्य टोकाला लँडिंग या गावात होपॅटकाँग स्टेट पार्क आहे. धरण तिथंच आहे. कालव्याचं एक जुनं टर्बाइन तिथं मांडून ठेवलंय आणि कालव्याच्या राखणदाराच्या जुन्या घरात छोटं संग्रहालय आहे. ते ठराविक दिवशीच उघडं असतं, तेव्हा आधी चौकशी करून जा. तळ्याचा बराचसा काठ खासगी घरांनी व्यापलेला आहे, म्हणून काठावर बसून मासे धरायचे असतील तर सगळ्यांना खुला असलेला हा पार्क सोयीचा. स्वतःची होडी पाण्यात उतरवायलाही इथं उतार आहे. होडी नसेल तर काठावरच्या मरिनांमध्ये भाड्यानं मिळते. मात्र उन्हाळा संपला की अनेकांचं वेळापत्रक बदलतं, त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करा.

हा बॅस म्हणजे कोण?

मोठ्या हॉटेलच्या मेनूत 'सी बास' वाचलं असेल, तो समुद्रातला. कोकणातला जिताडा किंवा बंगालमधली भेटकी हेही इंग्रजीत याच नावाखाली येतात. होपॅटकाँगमधला बॅस या सगळ्यांहून वेगळा. त्याचं पूर्ण नाव लार्जमाउथ बॅस. हा गोड्या पाण्यातला, 'सनफिश' नावाच्या कुळातला. अंग हिरवट, बाजूनं एक काळपट तुटक पट्टा आणि नावाप्रमाणे तोंड एवढं मोठं की जबड्याची कड डोळ्याच्याही मागे जाते. त्याचा भाऊबंद स्मॉलमाउथ बॅसही याच तळ्यात आहे. तो तपकिरी रंगाचा आणि त्याला खडकाळ तळ आवडतो.

लार्जमाउथ हा दबा धरून बसणारा शिकारी. पाणवनस्पतींच्या कडेला, बुडालेल्या ओंडक्याखाली, धक्क्याच्या सावलीत तो हलत नाही की डुलत नाही. छोटा मासा, बेडूक किंवा झिंगा टप्प्यात आला की एका झटक्यात तोंड उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो.

पानगळच का?

हे समजून घ्यायला तळ्याच्या पोटात डोकवावं लागेल. उन्हाळ्यात खोल तळ्याचे थर पडतात. वरचं पाणी उन्हानं तापतं आणि हलकं होऊन वरच राहतं. खालचं थंड पाणी जड, ते तळाशीच पडून असतं. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. वरून हवा मिळत नाही आणि तळाशी कुजणाऱ्या गाळात प्राणवायू खर्च होत राहतो, त्यामुळे खालच्या थरात तो फारच कमी उरतो.

सप्टेंबर सरताना रात्री थंड होऊ लागतात आणि वरचं पाणीही गार व्हायला लागतं. वरच्या आणि खालच्या पाण्याचं तापमान जवळपास सारखं झालं की जोराचा वारा सगळं तळं ढवळून काढतो. खालचं वर, वरचं खाली. त्या दिवसांत पाणी गढूळ होतं, कधी कुबट वासही येतो आणि मासे काही दिवस बेपत्ता झाल्यासारखे वाटतात. पण ढवळण संपली की प्राणवायू तळापर्यंत पोहोचतो आणि मासे मोकळेपणानं फिरू लागतात.

याच सुमारास हेरिंगच्या जातीचे छोटे चंदेरी मासे थव्यानं तळ्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत येतात. बॅस त्यांच्या मागोमाग उथळ पाण्यात शिरतो. पुढे हिवाळ्यात तळं गोठणार असतं. मासा थंड रक्ताचा, पाणी गार झालं की त्याचं शरीरही मंदावतं, भूक कमी होते. त्याआधी अंगावर चरबी चढवून घ्यायची त्याची धडपड चाललेली असते. पाणी साधारण 18 अंश सेल्सिअसपासून 10-12 अंशांपर्यंत उतरत असतं, ते काही आठवडे त्याच्या खादाडपणाचे. म्हणूनच जाणकार मंडळी सबंध उन्हाळ्यापेक्षा ऑक्टोबरच्या चार रविवारांची जास्त वाट बघतात.

कुटुंबाच्या दृष्टीनं आणखी एक सोय. उन्हाळ्यात बॅससाठी पहाटे उठावं लागतं, कारण दुपारच्या तापलेल्या पाण्यात तो सुस्तावतो. पानगळीत उलटं होतं. सकाळचं पाणी फार गार असतं आणि दुपारच्या उन्हानं उथळ भाग जरा उबदार झाला की मासा हालचाल करतो. तेव्हा आरामात नाश्ता करून, थर्मासमध्ये आलं घातलेला चहा भरून, अकराच्या सुमारास पोहोचलात तरी बिघडत नाही.

परवाना आणि सामान

आपल्याकडे नदीकाठी काठी घेऊन बसणाऱ्याला सहसा कुणी काही विचारत नाही. तिथं विचारतात. न्यू जर्सीत गोड्या पाण्यात मासेमारी करायला 16 वर्षांवरील प्रत्येकाला परवाना लागतो. तो ऑनलाइन किंवा मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळतो. राज्यातल्या 70 वर्षांवरच्या रहिवाशांना त्यातून सूट आहे. मात्र भारतातून पाहुणे म्हणून आलेल्या आजी-आजोबांना ही सूट लागू होत नाही, त्यांना बाहेरच्या व्यक्तीचा परवाना घ्यावा लागतो. तो थोड्या दिवसांपुरताही मिळतो. अलीकडच्या वर्षांत राज्य सरकार वर्षातले दोन दिवस सगळ्यांसाठी परवान्याविना मोकळे ठेवतं, त्यातला एक साधारण ऑक्टोबरमध्ये असतो. तो दिवस साधला तर सगळं घर एकत्र गळ टाकू शकतं.

सामान फार लागत नाही. साडेसहा-सात फुटांची मध्यम ताकदीची काठी, साधं रीळ आणि दोन-तीन प्रकारची खोटी आमिषं. मऊ प्लास्टिकचा लांब किडा नवख्यांसाठी सर्वांत चांगला. तो पाणवनस्पतींच्या कडेला टाकायचा, तळाला जाऊ द्यायचा आणि हळूहळू ओढायचा. दुसरं आमिष म्हणजे चकाकती पाती फिरवत जाणारा स्पिनर, तो पळणाऱ्या चंदेरी माशासारखा दिसतो. पाणवनस्पती कुठे हिरव्या आहेत ते बघा. कुजत चाललेल्या वनस्पती पाण्यातला प्राणवायू खातात, म्हणून मासे हिरव्या पट्ट्याकडे सरकतात. पाण्यावर अचानक खळबळ उठून छोटे मासे उड्या मारताना दिसले, तर समजा खाली कुणीतरी त्यांच्या मागे लागलंय.

लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना बॅसच्या नादी लावू नका. तासभर काही लागलं नाही की ती कंटाळतात. त्यांच्या गळाला गांडूळ आणि वर तरंगणारा लाल-पांढरा बोया लावून द्या. तळहाताएवढे सनफिश आणि पिवळे पर्च काठाजवळही लागतात. बोया डुबकला की मुलांचा जो आरडाओरडा होतो, त्यानं बाकीच्यांचे मासे पळतात हे खरं, पण त्याला इलाज नाही.

"मग पकडला कशाला?"

समजा दुपारी दोनच्या सुमारास काठी वाकली. दोरी ताणली गेली, मासा एकदा पाण्याबाहेर उसळला, डोकं झटकलं आणि अखेर होडीजवळ आला. सोळा इंचांचा, जाडजूड. आजोबा खूश. आणि नातू म्हणतो, "आजोबा, पटकन फोटो काढा. सोडायचाय त्याला."

"सोडायचाय? अरे, मग पकडला कशाला?"

हा प्रश्न मालवणच्या आजोबांना पडतो आणि सदाशिव पेठेतल्या आजींनाही पडतो. आजोबांना कालवण दिसत असतं, आजींना त्या मुक्या जिवाचे हाल. दोघांनाही नीट उत्तर मिळायला हवं.

पहिलं कारण वाढीचं. उत्तरेकडच्या थंड पाण्यात बॅस फार हळू वाढतो. बारा इंचांचा व्हायला त्याला साधारण तीन-चार वर्षं लागतात, वीस इंच गाठायला दहा किंवा त्याहून जास्त. तुमच्या हातातला मोठा मासा नातवाच्या वयाचा असू शकतो. असे मासे उचलत गेलं तर तळं काही वर्षांतच लहान माशांचं होऊन बसतं. राज्याचा नियमही हेच सांभाळतो. बारा इंचांहून लहान बॅस ठेवता येत नाही आणि दिवसाला पाचहून जास्त नेता येत नाहीत. 15 एप्रिल ते 15 जून या काळात तर एकही ठेवायची परवानगी नाही, कारण तो विणीचा हंगाम. त्या वेळी नर अंड्यांच्या घरट्यावर पहारा देत असतो आणि तो उचलला तर इतर मासे अंडी फस्त करतात. नियम बदलू शकतात, म्हणून जाण्यापूर्वी त्या वर्षीची पुस्तिका एकदा बघून घ्या.

दुसरं कारण तब्येतीचं. मोठे शिकारी मासे आयुष्यभर लहान मासे खातात आणि त्यांच्या अंगात पारा साठत जातो. बॅस त्यातलाच. कोणता मासा किती खावा, याचा सल्ला न्यू जर्सी सरकार प्रसिद्ध करतं आणि गर्भवती स्त्रिया व लहान मुलांसाठी तो आणखी कडक आहे. ताटात मासा हवाच असेल तर छोटे पर्च किंवा सनफिश न्या, त्यांच्यात पारा कमी असतो. हळद-मीठ-तिखट लावून रव्यात घोळवून तव्यावर टाकलेत तर घरची आठवण होईल.

आता आजींच्या प्रश्नाचं उत्तर. माशाला इजा होते का? होते. गळ टोचतो, दमछाक होते आणि सोडलेल्या माशांपैकी काही नंतर मरतात. गळ घशात खोल गेला किंवा पाणी फार गरम असेल तर जास्त मरतात. पानगळीतलं गार, प्राणवायूनं भरलेलं पाणी त्याला सावरायला मदत करतं, एवढं म्हणता येईल. बाकी आपल्या हातात. गळाचं उलटं दात चिमट्यानं दाबून सपाट केलं तर तो सहज निघतो. माशाला धरण्यापूर्वी हात ओला करायचा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतात. एका हातानं खालचा ओठ, दुसऱ्या हातानं पोटाखाली आधार. फोटो काढून होईपर्यंत आपण श्वास रोखून धरायचा. आपल्याला दम लागला म्हणजे त्यालाही लागला. मग पाण्यात हळूच धरून ठेवायचं, तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत.

एवढं करूनही ज्यांना हे पटणार नाही, त्यांनी होडीत बसून फक्त तळं बघावं. त्यात कमीपणा नाही. तसं बघितलं तर मासा न मारण्याची परंपरा आपल्याकडेही जुनीच. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडला नदीच्या डोहातले मोठे मासे देवीचे म्हणून कुणी मारत नाही. कर्नाटकात शृंगेरीला तुंगेच्या घाटावर भाविक माशांना दाणे टाकतात. तिथं श्रद्धेनं मासा राखला, इथं नियमानं.

एकच मासा, दोन तळी

पण मासा सोडून देणं हे सगळीकडेच पुण्याचं काम आहे, असं समजू नका. लार्जमाउथ बॅसच्या जागतिक विक्रमाची गोष्ट ऐका.

2 जून 1932 रोजी जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या तरुणानं 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून जास्त वजनाचा बॅस पकडला. मंदीचे दिवस होते. त्यानं तो मासा वजन करून घरी नेला आणि कुटुंबानं खाल्ला. हा विक्रम सत्त्याहत्तर वर्षं टिकला. 2009 मध्ये त्याची बरोबरी झाली ती जपानमध्ये. बिवा तळ्यात मानाबू कुरिता यांनी किंचित जास्त वजनाचा बॅस पकडला, पण नवा विक्रम धरण्यासाठी निदान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून तो बरोबरीत मोजला गेला.

अमेरिकेतला मासा जपानमध्ये कसा? 1925 मध्ये तो मुद्दाम तिकडच्या आशी तळ्यात नेऊन सोडला होता. तिथून पुढे तो देशभर पसरला. बिवा हे जपानमधलं सर्वांत मोठं आणि अतिशय प्राचीन तळं. जगात दुसरीकडे कुठेही नसलेले मासे तिथं राहतात. अंगणात वाघ यावा तसा बॅस त्यांच्यात आला. ज्या माशापासून तिथला फुनाझुशी हा पारंपरिक आंबवलेला पदार्थ होतो, त्याचीही संख्या घटली. त्यामुळे 2003 पासून बिवा ज्या शिगा प्रांतात आहे, तिथं पकडलेला बॅस पुन्हा पाण्यात सोडायला बंदी आहे. काठावर त्यासाठी पेट्या ठेवलेल्या असतात, मासा त्यात टाकायचा.

मासा तोच, पण होपॅटकाँगला तो सोडला तर तुम्ही शहाणे आणि बिवाला सोडला तर नियम मोडणारे. खरं तर न्यू जर्सीतही बॅस मूळचा नाही. दक्षिणेकडून आणि मिसिसिपीच्या खोऱ्यातून माणसानंच तो इकडे आणला. पण होपॅटकाँगचं आजचं रूपही माणसानं बांध घालून घडवलेलं आहे आणि बॅस आता तिथल्या जीवनक्रमात मुरलाय. तेव्हा सोडायचं की ठेवायचं, हे ठरवताना मासा कोणता याच्याइतकंच तळं कोणतं हेही बघावं लागतं.

शिंगाड्याची गंमत

याच तळ्यात आपल्या ओळखीचं आणखी कुणी भेटतं. उपासाला आपण ज्याच्या पिठाचा शिरा करतो त्या शिंगाड्याचा चुलतभाऊ. आपल्या शिंगाड्याला दोन शिंगं असतात, तिकडच्याला चार अणकुचीदार काटे. आपल्याकडे पानगळीच्याच सुमारास शिंगाड्याच्या टोपल्या बाजारात येतात आणि आपण आनंदानं घेतो. तिकडे हे रोप दिसलं की ताबडतोब उपटतात.

कारण उघड आहे. परक्या पाण्यात त्याला आवर घालणारं कुणी नाही. त्याची पानं पाण्यावर गालिचा अंथरतात, खाली ऊन पोहोचत नाही, प्राणवायू घटतो आणि होडी काय, वल्हंही हलत नाही. त्याचं फळ गाळात दहा-बारा वर्षं जिवंत राहू शकतं. म्हणून लेक होपॅटकाँग फाउंडेशन ही संस्था स्वयंसेवकांना शिकवून तयार करते. ते उन्हाळ्यात आपापल्या वाट्याचा काठ कयाकमधून फिरून तपासतात आणि रोप दिसलं की फळ धरण्याआधी उपटून टाकतात.

तुमच्यासाठी यातून एकच काम. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाताना होडी, बूट, जाळी स्वच्छ धुऊन कोरडी करा. आमिषाच्या डब्यातलं उरलेलं पाणी आणि जिवंत मासे तळ्यात ओतू नका.

सुंदर पानांचं दुसरं तोंड

2019 च्या उन्हाळ्यात या तळ्यावर मोठं संकट आलं. निळ्या-हिरव्या जिवाणूंचं शेवाळ एवढं माजलं की पाण्याला स्पर्शही करू नका, असा इशारा सरकारला द्यावा लागला. पोहण्याचे किनारे बंद झाले. तळ्यावर पोट असलेल्या हॉटेलांचा, होडीवाल्यांचा, दुकानदारांचा हंगाम बुडाला.

शेवाळाचं खाद्य म्हणजे फॉस्फरस. तो येतो घरांच्या शोषखड्ड्यांतून, रस्त्यांवरून वाहून येणाऱ्या पावसाच्या पाण्यातून, हिरवळीवर टाकलेल्या खतांतून. हिरवळीच्या खतात फॉस्फरस घालण्यावर न्यू जर्सीनं 2011 च्या कायद्यानं निर्बंध आणले, तरी वर्षानुवर्षं साचलेला गाळात आहेच. आणि ज्या लाल-पिवळ्या पानांचे आपण फोटो काढतो, ती गटारात जाऊन कुजली की त्यातूनही फॉस्फरस तळ्यात उतरतो. म्हणून तळ्याकाठचे जागरूक रहिवासी पानगळीत आपल्या दारातली गटारांची तोंडं पानांपासून मोकळी ठेवतात. एवढंसं काम, पण त्यावर पुढच्या उन्हाळ्याचं पाणी ठरतं.

कधी एखाद्या पानगळीत गेलात आणि तळ्याचं पाणी काठापासून बरंच खाली गेलेलं दिसलं, तर दचकू नका. दर पाच वर्षांनी इथली पातळी मुद्दाम सुमारे पाच फुटांनी उतरवतात, म्हणजे लोकांना धक्के आणि भिंती दुरुस्त करता येतात.

निघण्यापूर्वी एवढं बघा

कपडे थरांमध्ये घाला. सकाळी सहा-सात अंश आणि दुपारी सतरा-अठरा, असा फरक पडू शकतो. होडीत सगळ्यांनी लाइफ जॅकेट घाला. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तर होडी चालू असताना ते कायद्यानंच बंधनकारक आहे. ऑक्टोबरचं पाणी वरून छान दिसतं, पण त्यात पडलात तर थंडीनं हातपाय लगेच आखडतात, पोहता येत असलं तरी.

गवतातून फिरला असाल तर घरी आल्यावर कपडे आणि अंग नीट तपासा. हरणांवरची बारीक गोचीड पानगळीतही फिरत असते आणि तिच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होतो. गळाला वजन म्हणून शिशाचे गोळे वापरू नका, ते पाणपक्ष्यांच्या पोटात गेले तर विषबाधा होते. त्याऐवजी टंगस्टन किंवा स्टीलचे मिळतात. तुटलेली नायलॉनची दोरी गोळा करून परत आणा, तिच्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

आणि परत भारतात आलात की आपल्या जवळच्या तळ्यावर एकदा चक्कर टाका. मुंबईचं पवई असो, भोपाळचं बडा तालाब असो, हैदराबादचं हुसेन सागर असो. यात पाणी कुठून येतं? त्याबरोबर काय वाहून येतं? इथला मूळचा मासा कोणता आणि तिलापियासारखा बाहेरून आलेला कोणता? जलपर्णीची जांभळी फुलं दिसायला सुरेख, पण तीही दक्षिण अमेरिकेतून आलेली आणि शिंगाड्यानं तिकडे जे केलं तेच ती इथं करते. देवळात सुटका म्हणून किंवा घरातली टाकी नकोशी झाली म्हणून कुणी तळ्यात शोभेचे मासे सोडत असेल, तर त्याला बिवाची गोष्ट सांगा. नातवंडं बरोबर असतील तर ती गोष्ट त्यांनाच सांगू द्या. होपॅटकाँगच्या होडीत ती तुमच्याआधी शिकलेली असतील.